28 शिलिंग आणि शेजारची खोली

मंगळवार, 18 सप्टेंबर 1838. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात, विल्सन स्ट्रीटवरच्या तीन भाड्याच्या घरांत अनाथ मुलं राहत होती. मुलं आणि त्यांना सांभाळणारे मिळून जवळजवळ शंभर तोंडं. त्या सकाळी या सगळ्यांसाठी रोख किती होती, तर एका सहकाऱ्याकडे 25 शिलिंग आणि संस्था चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांच्या खिशात 3. तेव्हा 20 शिलिंगांचा पौंड आणि 12 पेन्सचा शिलिंग होता. म्हणजे हातात सगळे मिळून 1 पौंड 8 शिलिंग.

त्यात मांस आणि पाव आला. तिन्ही घरांसाठी दूध आलं. चहा फक्त एका घरात लागणार होता, म्हणून तेवढ्या घरापुरता थोडा चहा आला. पाव आता दोन दिवस पुरणार होता. हे सगळं रोजनिशीत लिहून म्यूलर पुढे नोंदवतात की आता अगदी टोक आलं आहे. पैसे संपले, आणि ज्या सहकाऱ्यांकडे स्वतःचं थोडंफार होतं त्यांनीही ते असेपर्यंत दिलं. आता घरातल्या ज्या वस्तूंवाचून चालेल त्या विकायची वेळ आली होती. तशी वेळ आणू नकोस, एवढं त्यांनी सकाळी देवाकडे मागितलं होतं.

दुपारी एक बाई आल्या आणि 3 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स देऊन गेल्या.

म्यूलर यांच्याबद्दल उपदेशात हमखास येणारी गोष्ट वेगळी आहे. टेबलाभोवती बसलेली मुलं, समोर रिकामी ताटं, तरीही केलेली उपकारस्तुती, मग दारावर पाववाला आणि पाठोपाठ गाडी मोडलेला दूधवाला. ऐकताना अंगावर काटा येतो हे मान्य. पण त्या गोष्टीतून आपण घरी काय नेतो? डोळे मिटायचे, ताट भरेल. 18 सप्टेंबरच्या नोंदीत ताटाच्या आधीचं सगळं दिसतं. पैसे कोणाकडे होते, किती होते, कशावर गेले, काय घेतलं नाही, आणि जे आले ते इतके दिवस कुठे होते. देव पुरवतो यावर ज्यांचा विश्वास आहे आणि ज्यांना महिनाअखेरही गाठायची आहे, त्यांनी या एका दिवसाजवळ जरा बसावं, म्हणून हे प्रकरण.

हा माणूस इथवर कसा आला

म्यूलर 1805 साली प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीत जन्मले. वडील सरकारी करवसुली करणारे. मुलगा लहानपणीच वडिलांकडचे पैसे चोरायचा. वयाच्या 16व्या वर्षी खानावळीत राहून बिल न भरता पळ काढला म्हणून तुरुंगात गेला, तीन आठवड्यांहून जास्त. पुढे कधी कोणाचा एक पेन्सही बाकी ठेवायचा नाही हा त्यांचा नियम झाला. त्याला त्यांनी वचनाचा आधार दिला (रोमकरांस पत्र 13:8), पण मला त्यामागे तो खानावळीचा मालकही उभा दिसतो.

हाले इथे शिकताना 1825 साली त्यांचं मन पालटलं. तिथेच ते काही काळ फ्रांके यांनी उभारलेल्या अनाथालयात गरीब विद्यार्थी म्हणून राहिले, आणि केवळ देवावर भिस्त ठेवून शंभरेक वर्षांपूर्वी सुरू झालेलं काम अजून चालू आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. 1829 मध्ये ते इंग्लंडला आले. टेनमथच्या छोट्या मंडळीत पाळक झाले आणि 1830 च्या ऑक्टोबरमध्ये ठरलेला पगार सोडला. पगार बाकांच्या भाड्यातून यायचा. ज्याला जास्त भाडं परवडतं त्याला चांगली जागा, गरीब मागे, ही पद्धत याकोबाच्या पत्राशी जुळत नाही असं त्यांचं म्हणणं. मग देवळात एक पेटी ठेवली, ज्याला द्यायचं त्याने तीत टाकावं.

या पेटीचं पुढे जे झालं ते ऐकण्यासारखं आहे. ती उघडायचं काम ज्यांच्याकडे होतं ते आठवडेच्या आठवडे ती उघडत नसत. घरात पैसे नसायचे आणि पेटीत असायचे. म्यूलर त्यांना “जरा उघडता का” असं कधी म्हणाले नाहीत. पेटी उघडायचं त्या भावाच्या मनात घाल अशी प्रार्थना करत राहिले. मी असतो तर सरळ सांगितलं असतं, आणि त्यात अविश्वास झाला असता असंही मला वाटत नाही. पण ही पेटी लक्षात ठेवा. पैसे आलेले असणं आणि पोचणं यांत जे अंतर असतं, ते या प्रकरणात पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

1832 मध्ये ते मित्र हेन्री क्रेक यांच्यासोबत ब्रिस्टलला आले. तिथल्या मंडळीतल्या एका कष्टकऱ्याची गोष्ट त्यांनी लिहून ठेवली आहे. तो रोज 14 ते 16 तास राबायचा. शरीर थकलेलं, प्रार्थनेला वेळ नाही, मनाला चैन नाही. थोडं कमी काम कर म्हटलं, तर उत्तर ठरलेलं: कमी काम केलं तर घर कसं चालणार? म्यूलर यांना वाटलं, या माणसाला उपदेश देऊन उपयोग नाही, त्याला काहीतरी दाखवलं पाहिजे. देव आजही तोच विश्वासू देव आहे हे डोळ्यांना दिसेल असं काहीतरी. 5 डिसेंबर 1835 ला वाचनात स्तोत्र 81 मधली ओळ आली: “तू आपले तोंड चांगले उघड म्हणजे मी ते भरीन.” आणि 11 एप्रिल 1836 ला पहिलं घर उघडलं.

म्हणजे अनाथालयाचा पहिला हेतू त्यांनी उघड लिहिला तो असा: कोणाही माणसाकडे न मागता, केवळ प्रार्थनेवर मुलांचं सगळं भागतं हे पाहून विश्वासणाऱ्यांचा विश्वास बळकट व्हावा. मुलांचं भलं त्याच्या खाली. हा क्रम मला आजही थोडा खटकतो, त्याकडे पुढे येतो.

एक गंमत मात्र इथेच सांगायला हवी. घर, पैसा, सामान, काम करणारी माणसं, सगळ्यासाठी त्यांनी प्रार्थना केली होती. 1836 च्या फेब्रुवारीत मुलांचे अर्ज घ्यायला ठरल्या दिवशी जाऊन बसले, तर एकही अर्ज आला नाही. तेव्हा ध्यानात आलं की मुलं द्यावीत असं मागायचं राहूनच गेलं होतं. अनाथ मुलं काय, मिळणारच, असं गृहीत धरलं होतं. त्या रात्री तेही मागितलं, आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला.

टोक गाठण्याआधीचा सोमवार

18 तारखेचा दिवस समजायचा तर आठ दिवस मागे जावं लागतं. सुरुवातीला संस्थेकडे शिल्लक असायची. 1838 च्या उन्हाळ्यानंतर ती आटली. 10 सप्टेंबरचा सोमवार उजाडला तेव्हा आदल्या शनिवारी काही आलं नव्हतं, रविवारीही नाही. तोवर पैशांची स्थिती म्यूलर यांच्याशिवाय एकाच सहकाऱ्याला ठाऊक होती. आता सगळ्यांना एकत्र बसवून सांगायचं त्यांनी ठरवलं.

काय सांगायचं ठरवलं, ते बारकाईने पाहू. किती पैसे लागतात ते विचारायचं. देव साहाय्य करील असा आपला विश्वास अजून आहे हे सांगायचं. सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. आणि मुद्दाम बजावायचं की ज्याचे पैसे आपण चुकते करू शकतो त्यापेक्षा एकही वस्तू जास्त घ्यायची नाही. मात्र मुलांच्या सकस जेवणात आणि लागणाऱ्या कपड्यांत काही कमी पडता कामा नये. कमी पडायची वेळ आली तर मुलांना परत पाठवीन, पण त्यांना उणं पडू देणार नाही. विकण्यासाठी देणगीत आलेल्या वस्तू उरल्या आहेत का आणि घरात काही अनावश्यक आहे का, हेही पाहायचं होतं.

“देव पुरवील” हे वाक्य आपल्या तोंडी इतकं सहज येतं की त्याच्या आत असं काही भरलेलं असू शकतं हे विसरायला होतं. इथे विश्वासामुळे खरेदीची यादी आखडली. विश्वासाच्या नावाखाली उधारी झाली नाही. मी कितीतरी वेळा याच्या उलट पाहिलं आहे. “विश्वासाने पाऊल टाकतोय” म्हणत ऐपतीबाहेरचं काहीतरी उचललं जातं, आणि मग हप्ते भरताना देवाच्या नावाने हाका. म्यूलर यांच्या हिशोबात ते बसलं नसतं. देव उद्या देईल म्हणून आज दुकानदाराचे पैसे अडकवायचे, म्हणजे त्या दुकानदाराला त्याच्या मर्जीशिवाय आपल्या विश्वासाचा भागीदार करायचं.

त्या सोमवारी सहकाऱ्यांकडे जायच्या आतच, साडेनऊच्या सुमारास, त्यांच्या देवळातल्या पेटीत कोणीतरी निनावी टाकलेले 6 पेन्स हाती आले. शंभर माणसांच्या पोटापुढे 6 पेन्स! त्यांनी ते विसार मानले. दहाच्या सुमारास ते पुन्हा प्रार्थनेत असताना एक भगिनी आल्या आणि त्यांनी म्यूलर यांच्या पत्नीकडे मुलांसाठी सोन्याची दोन नाणी दिली, 2 पौंड. थोड्या वेळाने म्यूलर त्या खोलीत गेले तेव्हा त्यांच्या हातात आणखी 2 पौंड दिले. संस्थेची अडचण त्यांना माहीत नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या की यावं असं मनात येत होतं, आणि यायला आधीच फार उशीर केला.

दुपारी आलेल्या बाई

आता 18 तारखेकडे परत. दुपारी आलेल्या बाई लंडनजवळच्या. पैसे त्यांचे नव्हते, मुलीने पाठवलेले होते. आईबरोबर तिने पुडकं दिलं. आई ब्रिस्टलला आली ती चार-पाच दिवसांपूर्वी, आणि उतरली कुठे, तर मुलग्यांच्या अनाथगृहाच्या अगदी शेजारच्या घरात.

म्हणजे विल्सन स्ट्रीटवर डबे उघडून पाहणं चालू होतं, सहकारी स्वतःच्या खिशातलं शेवटचं काढून देत होते, काय विकता येईल याचा विचार चालू होता, आणि 62 शिलिंग 6 पेन्स भिंतीपलीकडे एका खोलीत पडून होते. सकाळच्या 28 शिलिंगांच्या दुपटीहून जास्त.

म्यूलर यांनी याचा अर्थ असा लावला: इतके दिवस पैसे इतके जवळ असूनही दिले गेले नाहीत, यावरून साहाय्य करायचं देवाच्या मनात पहिल्यापासूनच होतं हे उघड आहे, पण आपल्या लेकरांची प्रार्थना त्याला आवडते, म्हणून त्याने आम्हाला इतका वेळ प्रार्थना करू दिली. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर हा अर्थ सुंदर आहे. वाट पाहणाऱ्याने लावावा असाच आहे.

पण मी त्यांच्या जागी कमी वेळा असतो. मी बहुधा शेजारच्या खोलीत असतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या एका घरची कमाई थांबली. मी एका पाकिटात पैसे घातले आणि पाकीट पवित्र शास्त्रात ठेवलं, येत्या रविवारी हळूच देऊ म्हणून. त्या रविवारी त्यांच्याभोवती माणसं होती. पुढच्या रविवारी मी घाईत होतो. पाकिटामुळे पानांना फुगवटा आला होता आणि शास्त्र नीट मिटत नव्हतं, तरी तिसरा आठवडा उजाडला. अखेर दिले तेव्हा त्या घरच्या ताई म्हणाल्या, “देवाने अगदी वेळेवर पाठवलं बघा.” मी मान हलवली. वेळेवर नव्हतं ते. मधल्या दिवसांत त्यांनी काय केलं असेल हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून या प्रकरणात माझी नजर म्यूलर यांच्यापेक्षा त्या बाईंवर जास्त खिळते. चार-पाच दिवस त्या काय करत होत्या? प्रवासाने दमल्या असतील. ओळख नसताना कसं जावं असं वाटलं असेल. की रक्कम लहान वाटली म्हणून संकोच? रोजनिशीत त्यांचं नावही नाही.

हे एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडलं असतं. पण म्यूलर यांच्या नोंदी वाचत गेलं की हा उशीर सारखा भेटतो. पगार सोडल्यावर महिनाभरातच, 1830 च्या नोव्हेंबरात, त्यांच्या घरात साधारण 8 शिलिंग उरले होते. एका भगिनीने विचारलं, “पैसे हवेत का?” म्यूलर म्हणाले की आपली गरज यापुढे फक्त प्रभूलाच सांगायची असं मी ठरवलं आहे. त्यावर ती म्हणाली, “पण तुम्हाला काही द्यावं असं त्याने मला सांगितलं आहे.” आणि मग कळलं की सांगितलं होतं पंधरवड्यापूर्वी! मधे पुन्हा तेच मनात आलं, मग रात्री राहवेना, तेव्हा कुठे ती बोलली. म्यूलर यांनी विषय बदलला, परिस्थिती कळून तिच्यावर दबाव येऊ नये म्हणून. निघताना तिने दोन गिनी दिल्या (एक गिनी म्हणजे 21 शिलिंग). आणि 10 सप्टेंबरची भगिनी आठवा, तिनेही आपण होऊनच उशीर कबूल केला. टेनमथची पेटी तर होतीच.

देणारा देव उशीर करतो की देणारे हात, यावर धर्मशास्त्रात बरंच बोलता येईल. मला ते जमणार नाही. एवढं दिसतं की चारही वेळी पैसे आधीच निघालेले होते.

चोख हिशोबाची आणखी एक दुपार

दोन महिन्यांनी, 21 नोव्हेंबरला, परिस्थिती याहून वाईट झाली. तिन्ही घरांच्या मुख्य बाईंकडे मिळून अर्धा पेनीसुद्धा नव्हता. दुपारचं जेवण मात्र चांगलं झालं आणि एका घराने दुसऱ्याला पाव देत दिवस निभावेल असं दिसत होतं. पण नवा पाव एकाही घराला घेता येणार नव्हता. एक वाजता प्रार्थना करून म्यूलर निघाले. त्यांच्या घरापासून 20 एक यार्डांवर एक बंधू भेटले. ते दोनदा येऊन गेले होते. अर्ध्या मिनिटाने चुकामूक झाली असती असं म्यूलर लिहितात.

त्यांनी 20 पौंड दिले. पण त्यांतले 10 मंडळीतल्या गरिबांच्या कोळशासाठी आणि पांघरुणांसाठी, 5 संस्थेच्या इतर कामांसाठी, आणि अनाथ मुलांसाठी 5. म्यूलर यांनी वाटणी तशीच लिहिली आहे. मुलांच्या पावाला पैसे नाहीत आणि हातात 20 पौंड, त्यांतले 15 दुसऱ्याच्या नावाचे. ज्याने कधी मंडळीचा, संस्थेचा किंवा घरातल्या चार भावंडांचा सामाईक पैसा सांभाळला आहे, त्याला इथली कसोटी कळेल. “तात्पुरते इकडचे तिकडे वापरू, देव भरून काढील” हे वाक्य अशाच दुपारी जन्माला येतं.

आक्षेप, जे टाळता येत नाहीत

मागायचं नाही हे ठीक, पण दर वर्षी जाहीर सभा व्हायची, अहवाल छापला जायचा, आणि देवाने वेळोवेळी कसं दिलं हे लोक वाचायचे. मग ही न मागता मागण्याची रीत नाही का? आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. 1841 च्या डिसेंबरात सभेची वेळ आली तेव्हा हात अगदी रिते होते. सभेत नुसतं हे कळलं असतं तरी पैसे आले असते. म्यूलर यांनी सभा आणि अहवाल दोन्ही काही महिने पुढे ढकलले, म्हणजे गरज कळून कोणी दिलं असं व्हायला नको. इतका काटेकोर माणूस ढोंगी नव्हे. तरी संस्था आहे, ती कशी चालते आणि तिचा हिशोब चोख आहे हे लोकांना ठाऊक होतं, हेही खरं. लंडनजवळच्या त्या मुलीला विल्सन स्ट्रीट हे नाव कुठून तरी कळलंच असणार.

माझा मोठा आक्षेप दुसरा आहे. विश्वासाची ही कसोटी म्यूलर यांनी स्वतः पत्करली होती. मुलांनी नाही. आठ वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं नव्हतं की तुझ्या जेवणावरून आम्ही जगाला देवाचा विश्वासूपणा दाखवू का. सहकाऱ्यांचंही तसंच. ते आपल्या खिशातलं देत गेले, आणि आपण त्यांचं नाव न घेता त्याला म्यूलर यांचा विश्वास म्हणतो. या आक्षेपाला त्यांच्याकडून जे उत्तर मिळतं ते 10 सप्टेंबरच्या त्या एका वाक्यात: कमी पडलं तर मुलांना परत पाठवीन. प्रयोग मोडला तरी चालेल, पण मुलाचं ताट मोडायचं नाही. ते वाक्य नसतं तर हे प्रकरण मी आदराने वाचू शकलो नसतो. घर चालवणाऱ्याने हे स्वतःला विचारून पाहावं: माझ्या विश्वासाची किंमत घरात दुसरं कोणी मोजत आहे का?

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने घेत नाही. ज्यांच्या दारी दुपारी कोणी आलंच नाही, त्यांच्या रोजनिशा छापल्या जात नाहीत. पौल स्वतः लिहितो की उपाशी राहणंही त्याच्या वाट्याला आलं, आणि त्याचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणणार नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली पाखरं आणि रानफुलं आपण सगळेच सांगतो. त्याच अध्यायाच्या शेवटी “ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे” असंही आहे. म्हणजे दिवसाला दुःख असणार हे धरलेलं आहे. साक्ष देताना आपण फक्त दुपार सांगतो. सकाळी काय विकायला काढलं होतं ते सांगत नाही, आणि मागच्या बाकावर बसलेला, ज्याची दुपार अजून आलेली नाही, तो समजतो की खोट आपल्यातच आहे.

रोजच्या घरात यातलं काय चालतं

गरज कोणाला सांगायची नाही हा म्यूलर यांनी स्वतःला लावून घेतलेला नियम. शास्त्रात तो आज्ञा म्हणून कुठे नाही. एलियाने सारफथच्या विधवेकडे तोंड उघडून पाणी मागितलं, मग भाकरही मागितली. पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी करिंथच्या मंडळीकडे सरळ वर्गणी मागितली, वर माकेदोनियाच्या मंडळ्यांचं उदाहरण देऊन चुरसही लावली. तेव्हा औषधाला पैसे नसताना कोणी भावाला फोन केला, तर त्याचा विश्वास कमी झाला असं म्हणणाऱ्याने जरा थांबावं. मंडळीत एकमेकांची गरज कळणंच बंद झालं, तर भिंतीपलीकडचे पैसे भिंतीपलीकडेच राहतील.

म्यूलर स्वतःला वेगळं समजत नसत. विश्वासाचं खास कृपादान आपल्याला मिळालेलं नाही, हा विश्वास प्रत्येक विश्वासणाऱ्याजवळ असतो तोच, आणि वापरून वाढतो, असं त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिलं. पुढे अ‍ॅशली डाउनच्या टेकडीवर पाच मोठी घरं झाली, 2,000 हून जास्त मुलांची सोय झाली. 1898 मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या हातून लाखो पौंड गेले होते आणि मागे राहिलेली त्यांची मालमत्ता 160 पौंडांच्या आसपास भरली. हे आकडे डोळे दिपवतात, म्हणून मी त्यांच्यापाशी थांबत नाही. माझ्या घराच्या मापाला एका घरापुरता घेतलेला थोडा चहा जास्त जवळचा आहे. ती ओळ लिहिण्याआधी तिन्ही घरांतले चहाचे डबे कोणीतरी उघडून पाहिलेच असतील. दोन घरांत होता. तिथे घेतला नाही.

अरण्यात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, ज्याला जेवढा लागेल तेवढाच वेचायचा होता. उद्यासाठी ठेवला त्यात किडे पडले. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर रोजची आहे, आणि मागायची आजची. प्रार्थना म्हणताना मी ती ओळ वर्षानुवर्षं भराभर ओलांडत आलो, कारण माझ्या घरी पीठ महिन्याचं भरलेलं असतं. आणि “आम्हाला” म्हणताना त्यात शेजारची खोली येते हेही कधी लक्षात आलं नव्हतं.

ते 3 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स फार दिवस पुरणारे नव्हते. त्यानंतरची कितीतरी वर्षं विल्सन स्ट्रीटवर अशाच सकाळी उगवत राहिल्या. बाई आल्या, पुडकं दिलं, रक्कम वहीत चढली. त्या दिवशी काही विकावं लागलं नाही. बुधवारी सकाळी पुन्हा तिन्ही घरांना दूध घ्यायचं होतं.